गाडी खाली घेतली का?

कुंभार पिंपळगावात चांदपाशाचं गॅरेज बाजारतळाच्या अंगाला आहे. गॅरेज म्हणजे काय, पत्र्याचं शेड, मधोमध गाडीखाली उतरायला बांधलेला खड्डा आणि भिंतीला खिळे ठोकून टांगलेले पाने. गिऱ्हाइकाला तिथं खुर्ची मिळत नाही आणि घाई करायची मुभा तर अजिबात नाही. ज्याला घाई आहे त्यानं एस.टी.नं जावं, असं चांदपाशा तोंडावर सांगायचा. तरी लोक गाड्या त्याच्याकडंच आणायचे, कारण त्याच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली असं कधी झालं नव्हतं.

त्या दिवशी भुजंगची गाडी आल्ती. भुजंग गावातलाच, ऊसवाला. बोलायला गोड आणि गाडी हाणायला राक्षस. गतिरोधक आला की वेग कमी करायचा असतो हे त्याला बहुतेक कुणी सांगितलंच नव्हतं. पुढून खडखड वाजतंय, ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढतेय, असं तो दिवाळीपासून सांगत होता आणि दिवाळीपासून तशीच हाणत होता. चांदपाशानं गाडी उचलली, पुढची चाकं काढली आणि चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म पहारीनं हलवून बघितला. या आर्मच्या टोकाला रबराचा बुश असतो, रस्त्याचे दणके तो खातो. भुजंगच्या गाडीचे बुश चिरून पार भुगा झाले होते.

"भुजंगराव, याच्यात रबर कमी अन् हवाच जास्त राह्यलीय," चांदपाशा म्हणाला. "एवढे दिवस चाक टिकलं कशावर?"

"तुमच्या आशीर्वादावर, चाचा."

"माझा आशीर्वाद रबराला लागत न्हाई. बसा तिकडं."

भुजंगला दुपारीच पिंपळगाव रेणुकाईला निघायचं होतं. त्याची लेक बोलायलाच तयार नव्हती, तिच्या वयाची सगळी पोरं बोलली तरी ही आपली गप्प. मग भुजंगच्या आईनं, गोजरबाईनं, देवीला नवस केला, आणि पोरगी आता अशी बोलायला लागली होती की थांबायचं नाव नाही. तो नवस फेडायला सगळं घर निघालं होतं, आजी, आई, बाप आणि पोरगी.

बुश बदलायच्या कामात एक मेख आहे. गाडी जॅकवर असताना चाकं लोंबकळत असतात. तेव्हाच जर बोल्ट आवळला तर आतलं रबर त्या लोंबत्या अवस्थेतच धरलं जातं आणि गाडी खाली आली की पिळवटतं. दोन पावसाळेसुद्धा काढत नाही. म्हणून नट आधी नुसत्या हातानं लावायचे, चाकं चढवायची, गाडी खाली घ्यायची, तिला स्वतःच्या वजनावर उभी राहू द्यायची आणि मग खालून मोठ्या पान्यानं आवळायचं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं आणि करायचा कंटाळा असतो. चांदपाशाला कंटाळा करायची सोय नव्हती, कारण त्याला हे काम त्याचा थोरला भाऊ अबुबकर यानं शिकवलं होतं. गॅरेज अबुबकरचंच. दिवसभर त्याचं एकच पालुपद, "गाडी खाली घेतली का? मंग कस." कस म्हणजे आवळ. आणि आवळून झालं की नटावर लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढायची, म्हणजे हा झाला. ती रेघसुद्धा अबुबकरनंच लावून दिलेली सवय.

अबुबकर आता घरी असतो. बायको गेली, पोराला तो ओळखत नाही, जेवला की नाही हे त्याला कळत नाही. चांदपाशाची बायको रहिमाबी त्याला भरवते, आंघोळीला बसवते, रस्त्यावर गेला तर हाताला धरून आणते. सगळं पुसलं गेलं, पण ते पालुपद तेवढं राहिलं. चांदपाशा संध्याकाळी घरात आला की भाऊ विचारणार, "गाडी खाली घेतली का? कसलं का?" चांदपाशा म्हणणार, "कसलं, भाईजान." भाऊ म्हणणार, "शाब्बास." आणि घटकाभरानं पुन्हा तेच.

तर भुजंगची गाडी दुपारी गेली. गोजरबाई नवी साडी नेसून, पिशव्या घेऊन आल्ती, दैवशालानं, म्हणजे भुजंगच्या बायकोनं, पोरीला मांडीवर घेतलं, आणि गाडी न खडखडता बाजारतळ ओलांडून गेली. चांदपाशानं हात धुतले, नमाज पढून आला आणि डबा सोडून बसला. पहिला घास तोंडात घातला आणि त्याची नजर भिंतीवर गेली.

मोठा पाना खिळ्याला टांगलेला होता.

आता यात काय, पाना खिळ्यालाच टांगायचा असतो, असं कुणीही म्हणेल. पण चांदपाशा तो पाना दिवसा कधीच टांगत नसे. काम झालं की खड्ड्याच्या काठावर टाकायचा आणि गॅरेज बंद करताना उचलायचा. त्यावरून त्यानं भावाच्या शिव्या खाल्ल्या होत्या, तरी ती खोड गेली नव्हती. म्हणजे पाना खिळ्यावर असेल तर तो आज खाली निघालाच नाही. आणि निघाला नाही तर बोल्ट कशानं आवळले?

तो आठवायला लागला. नट हातानं लावले, आठवतंय. चाकं चढवली. जॅक सोडला, गाडी हळूच खाली बसली. गाडी ढकलून खड्ड्यावर घेतली. गोजरबाई आली, 'आवरा की' म्हणाली. आणि त्याच्यानंतर एकदम गाडी बाजारतळ ओलांडून चाललीय आणि पोरगी काचेतून हात हलवतेय. मधलं काहीच नाही. त्यानं डोळे मिटून बघितलं, उघडून बघितलं. मधलं नव्हतंच.

हातानं लावलेला नट किती टिकणार? भुजंगचा पाय, ते गतिरोधक, समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. नट फिरत फिरत गळणार, बोल्ट सरकणार, आर्म सुटणार आणि चाक आत दुमडणार. गाडीत चार माणसं, त्यातली एक आता कुठं बोलायला लागलेली. त्यानं भुजंगला फोन लावला. फोन गॅरेजातच वाजला. भुजंगनं तो चार्जिंगला लावला होता आणि तिथंच विसरून गेला होता.

शेजारी राधेश्यामशेठचं स्पेअर पार्टचं दुकान. चांदपाशा तिथं गेला आणि मोटारसायकलची चावी मागितली.

"काय झालं, चांदभाई?"

"भुजंगचा फोन राह्यलाय."

"मंग येईल की तो परत. एवढं काय पळायचं?"

चांदपाशानं चावी घेतली, पाना पोत्यात गुंडाळून पाठीमागं बांधला आणि निघाला. शेठ पान्याकडं बघतच राहिला.

घनसावंगीचा रस्ता त्यानं कसा कापला ते त्याचं त्यालाच ठाऊक. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता दिसेल. रस्त्याकडेच्या चारीत कलंडलेली पांढरी गाडी, भोवती माणसं, कुणीतरी पोरीला उचलून धरलेलं. एका ठिकाणी खरंच गर्दी दिसली. जवळ गेला तर उसाची ट्रॉली रुतलेली, आणि दहा जण दहा सल्ले देऊन राह्यलेले. त्यानं सगळ्यांवर उगाच तोंड सोडलं, रस्ता काय तुमच्या बापाचा का म्हणून, आणि पुढं गेला. या अल्लाह, त्या लेकराला काही होऊ देऊ नको, एवढंच तो मनात म्हणत होता.

घनसावंगीत स्टँडच्या अलीकडं नारळाच्या दुकानासमोर गाडी उभी होती. धड होती. दैवशाला ओटीचा खण निवडत होती, पोरगी दुकानदाराला एकेका वस्तूचं नाव विचारत होती, आणि गोजरबाई नारळ कानाशी हलवून बघत होती. चांदपाशानं मोटारसायकल लावली आणि क्षणभर तिथंच टेकून उभा राहिला. रडू यायचंच बाकी होतं.

आणि त्या उभ्या जागी, सगळे जिवंत दिसल्यावर, त्याला दुसरीच आठवण आली.

खूप वर्षं झाली. अबुबकर एकदा असाच हातातलं काम टाकून उठला होता. एका जीपच्या चाकाचे नट आवळायचे राहिले म्हणून तिच्यामागं पळाला होता, याच रस्त्यानं, घनसावंगीपर्यंत. जीप गाठली, नट बघितले, तर सगळे आवळलेले. परत आला तेव्हा अख्खा बाजारतळ हसला होता. सगळ्यात जास्त चांदपाशा हसला होता. चहा पाजून पाजून त्यानं तो किस्सा लोकांना सांगितला होता. भाऊ मात्र हसला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात तो गॅरेजातून घराकडं निघाला आणि त्याला घर सापडलं नाही.

"अरे चाचा, तुम्ही हितं?" भुजंग पुढं आला.

"तुमचा फोन," चांदपाशानं फोन दिला. "अन् आलोच हाय तर एकदा खालून बघतो."

"काय बघायचं? गाडी लोण्यासारखी चालून राह्यली."

"बघू द्या."

त्यानं पोतं अंथरलं आणि गाडीखाली सरकला. आडवा पडल्यावर त्याला आपल्या मनातली गोष्ट ऐकू आली आणि त्याची त्यालाच लाज वाटली. बोल्ट सैल निघावा, असं त्याला वाटत होतं. सैल निघाला तर ती चूक. चूक कुणाच्याही हातून होते. घाईत होते, वयानं होते, गोजरबाईनं डोकं खाल्लं म्हणून होते. आवळून टाकू, माफी मागू, गावभर बदनामी झाली तरी होऊ देऊ. या माणसांनी इथवरचा सगळा रस्ता सैल बोल्टावर काढला असावा, हे तो मागत होता, आणि अगदी मनापासून मागत होता.

त्यानं पाना लावून जोर दिला. बोल्ट तसूभर हलला नाही.

दुसरा बघितला, हलला नाही. पलीकडच्या बाजूचे दोन्हीही तसेच. आणि चारही नटांवर लाल रेघ होती, नेहमीसारखी वरून खाली, शेवटाला जराशी वळवलेली. त्याच्याच हातची. दुसऱ्या कुणाची अशी येत नाही.

तो खालीच पडून राहिला. वरून भुजंग बोलत होता. "म्हणलं न्हाई का? तुम्हीच तर कसले, चाचा. मला म्हणलात, बॉनेटवर दाब द्या, मी दिला. आई म्हणली आवरा, तर तुम्ही खड्ड्यातूनच म्हणलात, मावशी, तुमची देवी कुठं पळून चालली न्हाई. आई किती हसली. मंग तुम्ही पाना वर दिला, मी खिळ्याला टांगला. सगळं माझ्यासमोर झालंय की."

"मी म्हणलो असं?"

"तुम्हीच. दुसरं कोण हाय तसं बोलणारं?"

गोजरबाई वाकून बघत होती. "पाशाभाऊ, तोंड का असं उतरलंय? ऊन लागलं का? बाहेर या, पाणी प्या." पोरगीही वाकली आणि विचारायला लागली, हे काय, ते काय, तुम्ही का झोपलात. चांदपाशानं तिला आर्म दाखवला, नट दाखवला, तिनं नावं म्हणून बघितली. मग तो बाहेर आला, पाणी प्याला, आणि भुजंगला म्हणाला, "सावकाश चालवा." भुजंग हो म्हणाला आणि धुरळा उडवत गेला.

राधेश्यामशेठ वाट बघत होता. "गाठला का? अन् पाना कशाला नेल्ता?"

"बोल्ट बघायचे व्हते. कसलेले निघाले."

शेठ खो खो हसला. "म्हणजे उगंच माझ्या गाडीचा जीव काढला. चांदभाई, तुमचं बी भाईजानसारखं व्हायलंय बघा." शेठच्या मनात काहीच नव्हतं. त्यानं आत जाऊन चहा सांगितला. चांदपाशा चहाला थांबला नाही.

घरी ऊन अजून ओट्यावर होतं. अबुबकर बाजेवर बसलेला, रहिमाबी त्याच्यासमोर भाकरी दुधात कुस्करून बसलेली. तिच्या मनगटाला अबुबकरनं सकाळी कधीतरी बोचकारल्याचे ओरखडे होते. एवढ्या वर्षांत तिनं कधी 'मी का करू' म्हटलं नव्हतं. ओरखड्यांकडं बघून चांदपाशाला वाटलं, हिला हे पुन्हा माझ्यासाठी करायला लावायचं? आत्ता गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? बोल्ट तर आवळलेले होते.

"गाडी खाली घेतली का?" अबुबकरनं विचारलं. "कसलं का?"

"कसलेले व्हते, भाईजान."

"शाब्बास."

रहिमाबीनं मान वर केली. रोजचं उत्तर तिला पाठ होतं. "व्हते म्हणजे?"

चांदपाशा ओट्याच्या कडेला बसला. "घनसावंगीला गेल्तो. भुजंगच्या गाडीमागं. मला वाटलं बोल्ट राह्यले."

"मंग? सैल व्हते?"

"न्हाई," तो म्हणाला. "बिलकुल न्हाई. मीच कसले म्हणे. बोललोसुद्धा म्हणे कायकाय. मला काहीच आठवत न्हाई, रहिमा."

जीपमागं पळाल्याचा तो किस्सा तिनंही ऐकलेला होता, त्याच्याच तोंडून, कितीतरी वेळा. हसलीही होती. वाटी तिच्या हातात तशीच राहिली आणि दुधाचा थेंब लुगड्यावर पडला. तिनं पदरानं अबुबकरची हनुवटी पुसली, मग त्याच पदरानं डोळे पुसले, आणि नवऱ्याकडं असं बघितलं की त्याला मान खाली घालावी लागली.

"गाडी खाली घेतली का?" अबुबकरनं पुन्हा विचारलं. "कसलं का?"

भाऊ वाट बघत राहिला, उत्तर मिळेना म्हणून बाजेवरून उठायला लागला.

"कसलं, भाईजान," रहिमाबी म्हणाली. "मी बघितलं." मग वाटीतला घास तिनं त्याच्या तोंडाशी नेला आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "उद्यापासून मीबी येते गॅरेजला. भाईजानला घेऊन. खड्ड्याच्या काठावर बसू आम्ही."

"शाब्बास," अबुबकर म्हणाला.