गुरुत्वाकर्षण हरवणाऱ्या चकतीची कैफियत

मी एक जुनी अतिवाहक चकती आहे. मित्रांनो, गुरुत्वाकर्षणाला नमवणारी जगातली पहिली वस्तू मीच. निदान एकतीस महिने तसे लेखी होते. पुढे जेवणाच्या डब्याच्या एका झाकणानेही तेच करून दाखवले आणि माझा तोरा उतरला. 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. तुमच्याबद्दल मला माया आहे असे समजू नका.

माझा जन्म खलात झाला. डॉक्टरेटसाठी संशोधन करणाऱ्या ताईने तीन भुकट्या दोन दिवस घोटल्या, दाबयंत्रात चेपल्या आणि भट्टीत भाजल्या. माझ्याआधीच्या चार चकत्या तडकल्या. सुटल्या बिचाऱ्या. मी मात्र अखंड निघाले. बशीएवढी, काळी, खडबडीत. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गार केले की माझ्यातून वीज काडीचाही अडथळा न होता धावते आणि माझ्यावर चुंबक अधांतरी तरंगतो. यात लबाडी नाही. एवढ्यावर कुणीही समाधानी झाले असते.

ताईचे मार्गदर्शक असलेले सर मात्र समाधानी झाले नाहीत. शेजारच्या खोलीत त्यांचे एक वर्गमित्र बसत आणि त्यांच्याही चकतीवर चुंबक तरंगत असे. हे दोघे एकोणीस वर्षे एकमेकांशी फक्त सूचनाफलकावरून बोलत होते.

"चुंबक काय, त्या गाढवाचाही तरंगतो," सर म्हणाले. "आपण गुरुत्वाकर्षणालाच हात घालू."

अतिवाहकाचा गुरुत्वाकर्षणावर काही परिणाम होत असलाच, तर तो कुठल्याही वजनकाट्यावर दिसणार नाही इतका क्षीण असेल, असे गणित सांगत होते. सरांनी गणितालाही खोलीबाहेर उभे केले.

मला थर्मासासारख्या उंच भांड्याच्या तळाशी बसवले. माझ्यावर वीतभर अंतराने, भांड्याच्या आतच, काट्याला एक पोकळ काचेचा गोळा टांगला. काचेचा अशासाठी की धातू दिसला असता तर शेजारी 'हे चुंबकाचे चाळे' म्हणाले असते. गोळा फुंकून दिला काचकाम करणाऱ्या मामांनी. नायट्रोजन ओतला आणि गोळ्याचे वजन ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाने घटले. सरांनी लेख लिहिला. माझा फोटो छापून आला. पाहुणे येऊन माझ्याकडे श्वास रोखून बघू लागले. घट कमी भरली की सर ताईवर ओरडत, जास्त भरली की स्वतःची पाठ थोपटत. मला दोन्ही वेळा गारठाच सोसावा लागे.

ताईचे आठवे वर्ष चालू होते. महिनाअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती आणि प्रबंधावर सरांची सही लागत होती. तिने एकच गोष्ट मागितली.

"सर, एकदा चकती काढून मोजू या का?"

"चकती काढून? मग तिच्या जागी काय ठेवू, माझं डोकं?"

"चालेल की," मामा गोळा पुसत म्हणाले. "पोकळ वस्तूवर छान रीडिंग येतं."

त्या दिवसापासून मामांना नवे हातमोजे मिळाले नाहीत.

सर व्याख्यानाला परगावी गेले, तेव्हा ताईने मला चिमट्याने उचलून टेबलावर ठेवले आणि माझ्या जागी आपल्या डब्याचे झाकण टाकले. नायट्रोजन ओतला. घट तेवढीच आली. किंबहुना दोन मिलिग्रॅम जास्त. त्या झाकणाचा मी आजही द्वेष करते.

"आता डॉक्टरेट झाकणाला द्या," मामा म्हणाले.

ताई हसली नाही. "नायट्रोजनची गार वाफ हवेपेक्षा जड असते, मामा. ती भांड्यात साचते आणि पोकळ गोळ्याला उचलते, पाणी चेंडूला उचलतं तशी. एवढंच आहे हे."

सर परतले. तिने मोजणीचा कागद पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"झाकण कशाचं होतं?"

"स्टीलचं, सर."

सरांचे डोळे चमकले. "म्हणजे स्टीलमध्येसुद्धा हा गुण आहे!"

तिने झाकणही काढले आणि रिकाम्या भांड्यात नायट्रोजन ओतला. काटा तितकाच घसरला. सरांनी काट्यावर फडके टाकले.

"सही हवी आहे ना तुला? मग हे प्रकरण प्रबंधातून काढ."

"नाही काढणार, सर."

"आठ वर्षं पोसलं तुला मी!"

"मीही तुमची चकती पोसली, सर."

सही झाली नाही. ताई तो कागद घेऊन थेट शेजारच्या खोलीत गेली. तिथल्या सरांनी तो वाचला, खुर्चीतून उठून पुन्हा वाचला, आणि त्याच दुपारी विभागप्रमुखांकडे जाऊन तिचे मार्गदर्शक झाले. विज्ञानाच्या प्रेमापोटी माणूस इतक्या घाईने जिना चढत नाही. महिना संपायला दोन दिवस असताना प्रबंध जमा झाला. ताईला डॉक्टरेट मिळाली.

मला सरांनी कोरड्या पेटीतून काढून मोरीशेजारच्या फळीवर टाकले. आमच्या जातीला दमट हवा सोसत नाही. मी कडेने भुगा होत चालले आहे. तेव्हा मित्रांनो, अतिवाहक नेहमी कोरड्या जागी ठेवावा. आणि कुणाच्या पराक्रमाचे पोवाडे गाण्याआधी त्याला क्षणभर बाजूला उचलून बघावे, त्याच्याविना तेच घडते का ते. मला उचलले तेव्हा घडले.

ताईच्या प्रबंधाच्या शेवटी प्रयोगाला लागणाऱ्या साहित्याची यादी आहे. त्यात माझ्या नावापुढे लिहिले आहे : आवश्यकता नाही.