दुसऱ्या पसंतीचं विद्यापीठ

"दुसरं नाव लिहिताना एक पायरी खाली उतरायचं. पहिलं हुकलं तर तिथे पाय टेकता आला पाहिजे." शाळेतले पेनहॅलोसर मे महिन्यातल्या पालकसभेत हे दोनदा म्हणाले. माझा भाऊ जेगो मासेमारीला गेलेला, म्हणून त्याच्या मुलीबरोबर, मोरवेनाबरोबर, मी गेले होते.

तिने पाच ठिकाणी अर्ज केले होते. चौघांनी, अमुक श्रेणी मिळाल्या तर घेऊ, असं कळवलं. त्यांतली दोनच ठेवायची, बाकीच्यांना नकार द्यायचा. पहिलं केंब्रिज, याबद्दल वाद नव्हता. दुसरं एक्सेटर ठेव, असं सरांनी सुचवलं. तिथली अट सोपी होती. तिने डरहम ठेवलं. तिथली अट अगदी केंब्रिजइतकीच. मी विचारलं तर म्हणाली, "एक्सेटरला काय गं आत्या, आमच्या शाळेतलं कुणीही जातं." मी पुढे बोलले नाही.

ऑगस्टमध्ये निकाल लागला त्या सकाळी माझं रोजचं स्तोत्र वाचून झालं होतं. आठ वाजता मोरवेनाने फोन उघडला. भौतिकशास्त्रात एक श्रेणी कमी. आधी केंब्रिज गेलं, दहा मिनिटांनी डरहम. तिने दोन्ही पत्रं मला वाचून दाखवली, वर्तमानपत्र वाचावं तशी.

उरलेल्या जागांसाठी त्या दिवशी विद्यापीठांना फोन करायचे असतात, आणि तेही मुलांनीच. मोठ्या माणसाचा आवाज आला की ते मुलाला द्यायला सांगतात. तिने एक्सेटरला लावला. पस्तीस मिनिटं एकच धून. मी केशराचा पाव कापून ठेवला, तो तसाच राहिला. शेवटी एक बाई बोलल्या. मे महिन्यात तुम्हीच आम्हाला नाही म्हणालात ना, असं त्यांनी विचारलं.

"हो," मोरवेना म्हणाली. "चूक झाली माझी."

आमच्या घरात हे वाक्य सहसा कुणी उच्चारत नाही. बाईंनी बराच वेळ काहीतरी तपासलं. गणिताला एक जागा होती. पाचपर्यंत राखून ठेवते, म्हणाल्या.

अडचण जेगोची होती. मुलगी केंब्रिजला चालली, हे त्याने न्यूलिन बंदराच्या धक्क्यावर सगळ्यांना सांगून टाकलेलं. मासळीसाठी बर्फ आणणारा गाडीवाला तिला प्रोफेसरबाई म्हणून हाक मारायचा.

"बाबा म्हणेल, वर्षभर थांब, परत परीक्षा दे," मोरवेना म्हणाली.

"तुला काय हवंय?"

"जायचंय. याच वर्षी."

"मग कळवून टाक त्यांना. बाबाला मी सांगते. सरांचा सल्ला माहीत असूनही तू डरहम ठेवलंस तेव्हा मी गप्प बसले, तेही सांगते."

"तो ओरडेल, आत्या. धक्क्यावर, सगळ्यांसमोर."

"ओरडू दे. शब्द दिला तुला."

तिने होकार पाठवला आणि पावाचा तुकडा उचलला. दहाच्या सुमाराला बोटी लागतात, जेगोचीही. मी कोट चढवला, दार हलकेच ओढून घेतलं आणि धक्क्याकडची उतरण धरली.