धुळाप्पांच्या मांडीतला पापुद्रा

सुज्ञ वाचकहो, लोहारा तालुक्यातील एका मेंढपाळास उतारवयात स्वतःच्याच देहाचे जे दर्शन घडले, त्याचा वृत्तांत येथे सादर करीत आहे. कृपया सावकाश वाचावा.

धुळाप्पांनी चाळीस वर्षे आपल्या मेंढ्यांची लोकर स्वहस्ते कातरली होती. परंतु यंदा उजवी मांडी अशी आखडली, की उकिडवे बसणे अशक्य झाले. कातरणी चार दिवसांवर आली होती. बसता आले नाही तर कातर कायमची पुतण्याच्या हाती जाणार, या विचाराने त्यांना घास गिळवेना.

कन्या शिवकन्या फिजिओथेरपी शिकत होती. तिने पाय तपासला, सूज नसल्याची खात्री केली आणि पिशवीतून आखडलेले स्नायू मोकळे करण्याचा फोमचा गोल रोलर काढला.

"लाटणं म्हणावं तर लई जाड झालं की गं!" तिची आई सखूबाई हसल्या.

धुळाप्पा पालथे झाले आणि मांडीखालच्या रोलरवर सर्व बळ लावून मांडीपासून गुडघ्यापर्यंत खसाखसा घासू लागले.

"आबा, थांबा! हाडावर न्हाय, गुडघ्यावर न्हाय, मणक्यावर तर मुळीच न्हाय. कळ मारली, मुंग्या आल्या की उतरायचं."

"जोर लावल्याबिगर दुखणं निघतंय व्हय?"

"मेंढरू सोलताना कातड्याखाली पांढरा पापुद्रा दिसतो ना? तसाच तुमच्या मांसावर बी हाय. त्यो आवळलाय."

तो पापुद्रा धुळाप्पांनी शेकडो वेळा अंगठ्याने सोडवला होता. तोच आपल्या अंगातही आहे, हे मात्र त्यांच्या कधी ध्यानीमनी आले नव्हते.

"बुजलेलं मेंढरू कातरायला घेता, तवा काय करता?" शिवकन्येने विचारले.

"हात ठिवून गप बसतो. त्ये सैल पडेस्तोवर."

"मग तसंच करा."

त्यांनी निम्मा भार कोपरांवर घेतला, दुखऱ्या जागी मांडी अलगद टेकवली आणि संथ श्वास घेत तीस अंक मोजले. सव्विसाव्या अंकाला आतील गाठ हळूच सैल पडली, अगदी मेंढीसारखी.

"सखू, आत कुनीतरी हाय गं!"

"तुमीच हायसा की. दुसरं कोन असनार?"

चार दिवस सकाळ-संध्याकाळ हाच क्रम चालला. कातरणीच्या दिवशी धुळाप्पा उकिडवे बसले. गुडघा किंचित बाहेर राहिला, तरी बसले. पहिल्या मेंढीच्या अंगावर त्यांनी तळहात ठेवला आणि कातर उचलण्यापूर्वी नेहमीपेक्षा बराच वेळ तो तसाच राहू दिला.

येथवर वाचण्याची तसदी घेतलीत, त्याबद्दल आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
बसप्पा बिराजदार, तामलवाडी