चिठ्ठीवरचं नाव खोटं आहे

मी अर्धी पिशवी बोलतेय. प्लास्टिकच्या वायरची. बूड झालंय, चारही बाजू उभ्या राहिल्यात, फक्त धरायच्या कड्या पुऱ्या नाहीत. कड्या पुऱ्या नसलेल्या पिशवीला लोक पिशवी धरत नाहीत. "हे काय आहे?" असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत तिच्यात कांदे टाकतात. म्हणून म्हटलं, कांदे पडायच्या आत आपलं बोलून घ्यावं.

माझा जन्म वराळ्यातला, दोन खोल्यांच्या घरातला, मे महिन्याच्या पहिल्या सोमवारचा. विणणारी रेणुका. वय पंचेचाळीस, शिक्षण चौथी, तोंड तिखट. सकाळी सहाला घर सोडते आणि एका कंपनीच्या कँटीनमध्ये दुपारपर्यंत चपात्या लाटते. नवरा कैलास दुसऱ्या कंपनीत पाळीवर. थोरली तेजल सातवीत गेलेली, धाकटा आदिनाथ तिसरीत.

रेणुकाला विणायचा नाद आहे. विकायला विणत नाही, कुणाला द्यायला विणत नाही. कशाला विणतेस म्हणून नणंदेनं एकदा विचारलं, तर म्हणाली, "दिवसभर गोल लाटते. कायतरी चौकोनी नको का?"

माझ्या आधीच्या पिशव्या तिनं दुसऱ्या बायांचं बघून विणल्या. मी मात्र तिच्या मनातली. तिचं माहेर पवन मावळात. तिथल्या दारातून तिकोना गड दिसतो, अगदी नाकासमोर. तो तिला माझ्या अंगावर काढायचा होता. खाली पोपटी भात, वर पांढरं आभाळ, मध्ये जांभळा डोंगर. खालच्या ओळीत जांभळ्या गाठी एकवीस, मग एकोणीस, मग सतरा, असं शेंड्यापर्यंत चढत जायचं. कागदावर काही नाही. सगळा डोंगर तिच्या बोटांत मोजलेला.

आता मोजणारीला स्वस्थता पाहिजे की नको? तर मे महिना म्हणजे पोरांची सुट्टी. पोरांना सुट्टी लागली की आईची संपते.

शाळेनं कैलासच्या मोबाइलवर यादी धाडली होती. सुट्टीतले उपक्रम, एकूण सात. रेणुका दुपारी कामावरून यायची, हातपाय धुवायची, मला मांडीवर घ्यायची. सतरा झाल्या, पंधरा झाल्या, की हाक यायची. आई, ज्वालामुखीला लाल रंग कुठाय? आई, करवंटीत मूग टाकले, पाणी किती घालू? आई, पिंपळाचं पान जाळीदार कसं करतात? मला खाली टाकून ती उठायची. ज्वालामुखी तिनं केला. पानं तिनं भिजवली, सुकवली, चिकटवली. पाण्याचं चाक तिनं फिरवलं. तेजल शेजारी बसून फोटो काढायची आणि शाळेच्या ग्रुपवर टाकायची. एकदा फोटोत रेणुकाचा हात आला, तर पोरीनं फोटो पुन्हा काढला.

परत येऊन मला उचलेपर्यंत बोटं आकडा विसरलेली असायची. तीन वेळा माझा डोंगर उसवला. उसवलेली वायर कधी सरळ होत नाही, बरं का. जुन्या गाठींची वळणं अंगात ठेवूनच ती पुन्हा विणून घेते. रेणुका प्रत्येक वेळी पोरांवर खेकसायची, आणि लगेच डिंकाची बाटलीही उघडून द्यायची. मला तिचं हे कळायचं नाही. मला एका जागी पडून राहायचा जाच व्हायचा. कोपऱ्यात पडले की झुरळं आत येऊन बसतात, त्यांना काय सांगायचं?

मेच्या शेवटी कैलासला दोन दिवस रजा मिळाली. वराळ्यातून लोणावळा असा कितीसा लांब! पण तासाभराच्या वाटेवर सगळ्या जगानं यायचं आणि आपण नाही, याची पोरांना लाज वाटत होती. शिवाय यादीतला सहावा उपक्रम होता प्रवासवर्णन, दोन पानं, फोटोसह. लोणावळ्यात नणंद उज्ज्वला राहते, मुक्कामाची सोय होती. सगळे बेगडेवाडीला लोकलमध्ये चढले, आणि रेणुकानं कपड्यांच्या पिशवीतून मला बाहेर काढलं.

कैलासनं कपाळाला हात लावला. फिरायला चाललोय का कारखान्यात, असं त्यानं विचारलं. रेणुकानं मान वर न करता सांगितलं, "तुमी खिडकी बघा. मी गाठ बघते." मळवली येईस्तोवर तिच्या तीन ओळी झाल्या. घरी आठ दिवसांत झाल्या नव्हत्या. गाडीत तिला कुणी हाक मारू शकत नव्हतं, कारण सगळे तिच्या समोरच होते.

दुसऱ्या दिवशी सगळे राजमाची पॉइंटला गेले. पोरं बापाला ओढत कठड्याकडे पळाली. रेणुका मला घेऊन झाडाखाली बसली. शेजारी डोंगरवाडीची एक म्हातारी पानांच्या द्रोणांत करवंदं मांडून बसली होती. नाव हिरी. तिनं न विचारता मला उचललं, उलटं केलं, बूड दाबून पाहिलं, मग बाजू डोळ्यासमोर धरली.

"तिकोना हाय न्हवं?" ती म्हणाली.

रेणुकानं वळून तिच्याकडे पाहिलं. घरात कुणी हे ओळखलं नव्हतं. "व्हय," ती म्हणाली.

"शेंडा जरा उजवीकडं घ्यायला पायजे."

"माझ्या दारातनं मधीच दिसतो, मावशी."

"मग ऱ्हाऊ दे. तुझ्या दारातला हाय त्यो." म्हातारीनं मला परत दिलं. "कुणासाठी इनती?"

"कुणासाठी न्हाई. माझी हाय."

माझी हाय. जन्मल्यापासून पहिल्यांदा मला कळलं, मी कुणाची ते. मी तेव्हाच ताठ झाले, वायर असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही एवढंच.

परतीच्या गाडीत प्रवासवर्णन झालं. तेजल लिहीत होती, रेणुका सांगत होती. दरी लय खोल होती, वारा असा की पदर डोक्यावर ठरंना. तेजलनं 'लय' खोडून 'अतिशय' केलं. रेणुकानं दरी पाहिलीच नव्हती, ती झाडाखाली होती. पाहिलेल्या पोरीला मात्र दरीबद्दल एक वाक्य सुचत नव्हतं. सहावा उपक्रम असा संपला.

सातवा होता, एक हस्तकलेची वस्तू स्वतः बनवून आणणे. या वेळी रेणुकानं हात झटकले. ही तू कर म्हणाली, उरलेली वायर दिली, पहिली गाठ दाखवली. तेजल 'हो, करते' म्हणाली. पंधरा दिवस ती रोज हो करते म्हणत होती. वायरचं भेंडोळं मोबाइलच्या चार्जरशेजारी तसंच पडून. त्या पंधरा दिवसांत माझा शेंडा झाला, आभाळ झालं, काठ वळला. राहिल्या फक्त कड्या.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी पोरीला रडू फुटलं. कैलासला उपाय लगेच सापडला. घरात एवढी देखणी पिशवी काठानं खिळ्याला अडकवलीय, ती देऊन टाक की म्हणाला. घरातलीच आहे, कुठं परक्याची आहे?

रेणुका भाकरी थापत होती. "न्हाई," म्हणाली.

तेजल म्हणाली, "सगळ्यांच्या आया देतात."

"देऊ देत."

"मागच्या वर्षी पवनचक्की दिली होतीस तू."

रेणुकानं भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत बघत राहिली.

सकाळी सहाला ती कामाला गेली. साडेसहाला तेजलनं मला खिळ्यावरून काढलं, ओढणीत गुंडाळलं आणि दप्तराखाली धरून शाळेत नेलं. वर्गात बसल्यावर माझ्या पांढऱ्या आभाळावर चिठ्ठी चिकटवली. तेजल, सातवी ब. वस्तूचे नाव : शोभेची टोपली.

शोभेची टोपली! पाच किलो तांदूळ उचलायचं बूड आहे माझं.

वर्गाच्या यशोधराबाईंनी मला टेबलावर मधोमध ठेवलं. आजूबाजूला आइस्क्रीमच्या काड्यांची घरं, बांगड्यांचे मोर, बाटल्यांच्या कुंड्या. बाईंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि हे वडगावच्या तालुका प्रदर्शनाला पाठवू म्हणाल्या. तेजल हसली. मग एका मुलीनं विचारलं, मध्ये हे जांभळं काय आहे गं? तेजल म्हणाली, त्रिकोण आहे, डिझाइन आहे.

मला चोरून नेल्याचा राग आला होताच. पण त्रिकोण म्हटल्यावर मला बसवेना. मला वाटलं टेबलावरून गडगडत जावं, दारातून, रस्त्यातून, थेट वराळ्यापर्यंत. पण चौकोनी बूड, गडगडता येत नाही.

घरी काय झालं ते मला नंतर आदिनाथकडून कळलं. तो सगळं सगळ्यांना सांगतो, पिशव्यांनासुद्धा. रिकामा खिळा बघून रेणुकानं विचारलं. कैलास म्हणाला मीच ने म्हणालो, एवढं काय त्यात. रेणुका भांडली नाही. तिचं न भांडणं बघून आदिनाथला भीती वाटली म्हणे, त्यानं आपणहून अभ्यासाची वही काढली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती वर्गाच्या दारात उभी राहिली. कँटीनमधून अर्ध्यावरून आलेली, कोपरापर्यंत पीठ. यशोधराबाईंनी हसून आत बोलावलं. तुमच्या मुलीच्या हातात कला आहे, घरी कुणी शिकवलं का, असं त्या कौतुकानं विचारायला लागल्या. तेजल तिसऱ्या बाकावर. तिनं आईकडे एकदाच पाहिलं. ते पाहणं मी पाहिलं. वाचव, असं होतं ते.

आता मला कळेना मी कुणाची बाजू घ्यावी. आई खरं बोलली तर पोरीची अख्ख्या वर्गात नाचक्की. खोटं बोलली तर मी जन्मभर शोभेची टोपली. रेणुका माझ्याजवळ आली. चिठ्ठीवर बोट ठेवून तिनं नाव सावकाश वाचलं.

"बाई, ही मी इनलीय," ती म्हणाली. "पोरीनं न विचारता आणली."

वर्गात कुजबुज झाली. तेजलनं मान बाकावर टाकली.

"थांबा, माझं झालं न्हाई," रेणुका म्हणाली. ती आता पोरांकडे वळली. "हसू नका तिला. हे तिला मीच शिकवलं. पयलीत कापसाची मेंढी मी केली. तिसरीत किल्ला मी केला. पवनचक्की माझी, यंदाचा ज्वालामुखी माझा, ती दरी पण माझी, मी न बघितलेली. इतकी वर्सं माझ्या कामावर तिचं नाव लागलं ते मला चाललं. ह्या एका पिशवीला चाललं न्हाई, म्हणून मी आले. मग चोर एकटी ती कशी?"

यशोधराबाईंनी टेबलावरून नजर फिरवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "या टेबलावरचं काय काय मुलांनी केलंय, तेही मला कळतं हो."

"कळतं, तर चिठ्ठ्या का लावता?"

बाई पुढं झाल्या. त्यांनी माझी चिठ्ठी काढली आणि मला रेणुकाच्या हातात दिलं. डिंक चांगला होता, आभाळावर त्याचा डाग राहिला तो राहिलाच. तेजलला त्यांनी पंधरा दिवस दिले. जे जमेल ते आण म्हणाल्या, वाकडं असलं तरी.

शाळा सुटल्यावर तेजल घरी आली, पण दोन दिवस आईशी बोलली नाही. कैलासनंही भर वर्गात बोलायची काय गरज होती म्हणून धुसफूस केली. रेणुकानं दोघांनाही वेळेवर जेवायला वाढलं. तिसऱ्या दिवशी पोरगी वायरचं भेंडोळं घेऊन उंबऱ्याजवळ बसली. कुणी बस म्हणालं नव्हतं.

तेव्हापासूनची गंमत सांगते. तेजलची गाठ सैल पडते. वायर उजवीकडून घ्यायची तर ती डावीकडून घेते. समोर बसलेल्या रेणुकाचा जीव खालीवर होतो. हात आपोआप पुढं जातो, ओढून घ्यावं, दोन मिनिटांत नीट करून द्यावं. इतक्या वर्षांची सवय आहे ती, एका दिवसात जाते होय? एकदा तर बोटं त्या वायरीला लागलीसुद्धा. मग तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला आणि त्याला काहीतरी धरायला पाहिजे म्हणून मला खिळ्यावरून काढलं.

काल तेजलनं विचारलं, "आई, बघ ना, चुकलंय का?"

"उसव. कळंल," रेणुका म्हणाली आणि माझी गाठ आवळली. इतकी आवळली की मला कळ आली.

आयांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी असेलच. माळ्यावर, पलंगाखाली, नाहीतर जुन्या पिठाच्या डब्यात. अर्धं भरतकाम, अर्धा स्वेटर, पहिल्या पानावर थांबलेली वही. पोरांचा ज्वालामुखी पोरांना करू द्या. नाही फुटला तर नाही फुटला. प्रवासाला जाल तेव्हा आम्हाला बरोबर घ्या, आम्ही जागा थोडी अडवतो. आणि आमच्यावर कुणी दुसऱ्याचं नाव लावू दिलंत, तर आम्ही गप्प बसू, पण ते आम्हाला लागतं.

माझी एक कडी झालीय, दुसरी व्हायचीय. आज दुपारपासून तेजलनं चौथ्यांदा उसवलंय. म्हणजे आज माझं काम बरंच पुढं जाईल.