चार बारीक टाके

ऑपरेशनला अकरा दिवस झाले होते. वेलचेरीच्या घरी कीर्तना उजवा पाय दोन उशांवर ठेवून पडली होती, तेव्हा कंपनीच्या एचआरमधून कार्तिकेयचा फोन आला.

"मॅडम, सोमवारपासून कामावर या. सहा आठवड्यांची रजा मंजूर होत नाहीये. आपल्या कंपनीच्या डॉक्टरांनी कागद बघितले. किरकोळ प्रोसीजर आहे, चौदा दिवस पुरे, असं म्हणाले."

"किरकोळ? सार, माझं हाड कापलंय."

"पण टाके चारच आहेत ना? तुम्ही पाठवलेल्या फोटोतच दिसतंय. आणि हॉस्पिटलच्या वेबसाइटवर लिहिलंय, दुसऱ्याच दिवशी चालायला लागा. एका बाईचा फोटोसुद्धा आहे, हसत चाललीय."

कीर्तनाने फोन खाली ठेवला. टाके खरंच चार होते, जिऱ्याच्या दाण्याएवढे. त्या बाईला काय झालं होतं आणि ती कशाला हसत होती, कोण जाणे. कीर्तनाचा पाय मात्र घोट्यापर्यंत सुजलेला होता आणि खाली सोडला की आत ठणके मारत होता.

इरुंगाट्टुकोट्टैच्या त्या कारखान्यात ती चौदा वर्षं तपासनीस होती. तिथे गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनत. तयार झालेला प्रत्येक भाग शेवटी तिच्या टेबलावर यायचा. माप केसभर चुकलं तरी ती त्याला लाल चिठ्ठी लावून परत पाठवायची. आठ तास उभ्याचं काम, आणि पायात पोलादी टोपीचे सेफ्टी शूज. ते शूज पुरुषांच्या पायाच्या साच्यावर बनलेले, सगळ्यात लहान नंबर पाच. कीर्तनाचा पाय चार नंबरचा. टाच मागे सैल राहायची, पाऊल दर पावलाला पुढे घसरायचं आणि अंगठा निमुळत्या टोपीच्या कडेवर दाबला जायचा. कारखान्यातल्या इतर बायकांचंही तेच. कोणी पुढे कापूस कोंबायची, कोणी दोन-दोन मोजे घालायची. बायकांच्या मापाचे शूज मागवा, असा अर्ज कीर्तनाने तीनदा केला होता. तीनही वेळा एकच उत्तर आलं होतं, मंजूर यादीत ते नाहीत.

मग अंगठा हळूहळू शेजारच्या बोटावर कलायला लागला आणि त्याच्या बुडाशी हाडाचं टेंगूळ बाहेर आलं. दोन वर्षं तिने तसंच रेटलं. एके दिवशी कंपनीच्या बसमध्ये मोजा काढला तर टेंगळावरची कातडी सोलून रक्त आलं होतं. तेव्हा कुठे ती आईला सोबत घेऊन अण्णा नगरला डॉक्टर प्राणेश यांच्याकडे गेली.

"याला बनियन म्हणतात," डॉक्टर म्हणाले.

"बनियन?" तिची आई राजसबाई चकित झाली. तंजावरकडची माणसं ही, घरात अजून तीच जुनी मराठी. "अय्यो, तें तर आंगांत घालतात कीं ग!"

दवाखान्यात तिघंही हसली. पण रजेच्या अर्जावरचा तो शब्द आठवड्याभरात बसमध्ये पोहोचला. "अक्का, बनियन फाटलं म्हणून ऑपरेशन? शिंप्याकडे जा की!" मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडलं आणि अख्खी बस हसली. कीर्तना खिडकीबाहेर बघत राहिली. हाताला किंवा डोळ्याला काही झालं असतं तर हसले असते का हे? बाईचा पाय, तोही अंगठा, म्हणून चेष्टा.

डॉक्टर प्राणेशांनी मात्र काही लपवलं नव्हतं. "पूर्वी इथे बोटभर चीर घालायचो," पायावर पेनाने खुणा करत त्यांनी सांगितलं होतं. "आता तीन-चार मिलिमीटरची छिद्रं पाडतो. त्यातून एक बारीक फिरता बर आत जातो, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, आणि आम्ही एक्स-रेच्या पडद्यावर बघत काम करतो. त्यामुळे मांस कमी दुखावतं, जखम लवकर भरते. पण आतलं काम मोठंच आहे. तळव्याच्या पुढचं हाड आरपार कापायचं, आत सरकवायचं, दोन स्क्रूंनी धरायचं. अंगठ्याचंही थोडं कापून तिथे एक स्क्रू. छिद्र लहान होतं म्हणून हाड लवकर जुळत नाही. सहा आठवडे ही सपाट, कडक तळाची सँडल. घरातल्या घरात चाला, बाकी वेळ पाय वर. आणि पोलादी शूज बारा आठवडे अजिबात नाहीत."

"हे झालं कशाने?" कीर्तनाने विचारलं.

डॉक्टरांनी राजसबाईंच्या पायाकडे बोट केलं. त्यांचाही अंगठा थोडा कललेला होता. "थोडं रक्तातून आलंय. बाकीचं शूजनी केलं."

"मी सत्तर वर्षें उघडे चेरुप घालूनच हिंडलें," पायातल्या चपला दाखवत राजसबाई म्हणाल्या. "बोट वांकडें खरें, पण दुखलें म्हणून कधीं नाहीं."

एचआरचा फोन आला त्या संध्याकाळी राजसबाई लेकीला म्हणाल्या, "जाऊं नकोस. डॉक्टरचें पत्र धाडून दे."

"पत्र धाडलंय, अम्मा. दोनदा. त्यांना पत्र वाचायचं नाही, टाके मोजायचेत. आता मी पायच नेऊन दाखवते."

सोमवारी ती कडक तळाची सँडल घालून, कुबडी घेऊन बसच्या पहिल्या सीटवर बसली. पाय समोर पिशवीवर ठेवला होता.

कारखान्याच्या फाटकाशी रखवालदाराने तिला अडवलं. तो पुरता ओशाळला होता. "अक्का, सेफ्टी शूज नसले तर आत सोडता येत नाही. बोर्ड लावलाय बघा."

"मला कामावर हजर व्हायचा हुकूम आहे."

"असेल. पण शूजशिवाय नाही."

कीर्तनाला आधी हसू आलं आणि लगेच कानशिलं तापली. एकाच कंपनीचे दोन नियम. एक म्हणतो आलंच पाहिजे, दुसरा म्हणतो येता येणार नाही, आणि मध्ये तिचा पाय. रखवालदाराने आपली खुर्ची आणून सावलीत ठेवली आणि आत फोन केला. पाळी बदलायची वेळ होती. जाणारे-येणारे थबकू लागले.

दहा मिनिटांनी कार्तिकेय आला. त्याच्या हातात नवीन खोका होता. "आलात ते बरं झालं, मॅडम. हे नवे शूज. हळूहळू घालून बघा. नाडी सैल सोडा हवं तर."

कीर्तनाने पिशवीतून एक्स-रे काढला आणि रखवालदाराच्या केबिनच्या काचेच्या चौकटीत खोचला. पलीकडून ऊन येत होतं. काळ्या फिल्मवर पावलाची हाडं पांढरी उमटली, आणि त्यांत तिरके घुसलेले तीन स्क्रू.

"बघा, सार. हे हाड इथे तुटलंय. तोडलंय म्हणा. अजून जुळलेलं नाही. यावर पोलादाची टोपी चढवा म्हणता?"

कार्तिकेयने नजर काचेवरून काढली. "मी डॉक्टर नाही, मॅडम. बाहेरून तर काही दिसत नाही."

"बाहेरून दिसत नाही म्हणून खोटं?" तिचा आवाज चढला. "वीतभर चीर असती, चाळीस टाके असते, तर तुम्ही फळं घेऊन भेटायला आला असता. डॉक्टरांनी मला कमी दुखावं म्हणून छिद्र लहान पाडलं, आणि त्याचीच शिक्षा मला?"

गर्दीत सफाईच्या पाळीची सेल्वी उभी होती, तेवीस वर्षांची. कीर्तनाने तिला सांगितलं, "माझ्या टेबलाच्या खणातून आतलं माप घ्यायचा कॅलिपर आण. लाल चिठ्ठ्याही आण."

सेल्वी धावत गेली आणि धावत आली. कीर्तनाने नवा शू मांडीवर घेतला आणि पाऊल घसरून जिथे अडकतं तिथली रुंदी मोजली. मग मोजा काढून डाव्या, न कापलेल्या पायाची मोजली. सगळे बघत होते.

"आत चौऱ्याऐंशी मिलिमीटर. पाय ब्याण्णव." तिने चिठ्ठीवर आकडे लिहिले, खाली 'नापास' लिहून सही केली, आणि चिठ्ठी शूच्या नाडीला बांधली.

"मॅडम, हा आपला माल नाही. तुम्हाला अधिकार नाही," कार्तिकेय म्हणाला.

"ब्रेकचा तुकडा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने चुकला तर मी परत पाठवते, आणि तुम्ही वार्षिक सभेत माझं नाव घेता. इथे आठ मिलिमीटरचा फरक आहे. चौदा वर्षं रोज आठ तास. तुकड्याची काळजी आहे, पायाची नाही?"

मागे हॉर्न वाजला. कारखान्याचे प्रमुख कृष्णकांत यांची गाडी गर्दीमुळे अडली होती. ते पुण्याकडचे, कीर्तनाशी मराठीत बोलायचे. खाली उतरून त्यांनी विचारलं, "काय झालं, कीर्तनाताई?"

तिने शू पुढे केला. त्यांनी चिठ्ठी वाचली. काचेवरचा एक्स-रे पाहिला, मग तिचा सुजलेला पाय.

"आत या, बसून बोलू," ते म्हणाले.

"आत कशी येऊ? शूज नाहीत ना."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्याच गाडीतून तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सहा आठवड्यांची रजा आणि पुढचे सहा आठवडे सेफ्टी शूजशिवाय, बसून करायचं काम, असं मंजुरीचं पत्र आलं. पत्राला आणखी एक कागद जोडला होता: माझी व्याधी आनुवंशिक आहे. तिचा कामाशी संबंध नाही. खाली सहीसाठी रेघ.

तो कागद वाचून तिला फाटकापेक्षा जास्त संताप आला. डॉक्टरांच्या पत्रातलं आईचं वाकडं बोट यांना बरोबर सापडलं, स्वतःचे शूज सापडले नाहीत. "फक्त फॉर्मॅलिटी आहे," कार्तिकेय फोनवर म्हणाला. तिने दुसरं वाक्य खोडलं, आणि त्या जागी लिहिलं: चौदा वर्षं एक नंबर मोठे, पुढून अरुंद शूज घालून काम केलं. मगच सही केली. त्या कागदाबद्दल पुन्हा कोणी तिला विचारलं नाही.

तेराव्या आठवड्यात तिने पुन्हा पुरता पाय टेकवून पाळी सुरू केली. अंगठा सरळ होता. थोडी सूज संध्याकाळी यायची. त्याच आठवड्यात बायकांच्या साच्याचे शूज आले, तीन आणि चार नंबरचे, पुढून रुंद. सूचनाफलकावर लिहिलं होतं, 'कर्मचाऱ्यांच्या आरामासाठी'. चूक झाली होती, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तरीही कपडे बदलायच्या खोलीत बायकांनी खोके उघडले, पाय घातले, दोन पावलं चालल्या आणि एकमेकींकडे बघून हसल्या.

सेल्वी दाराशी झाडू घेऊन उभी होती. तिच्या पायात जुनेच शूज होते.

"तुझे कुठे आहेत?" कीर्तनाने विचारलं.

"आम्ही कंत्राटातल्या, अक्का. आमचं नाव त्या यादीत नाही."

"शू काढ."

सेल्वीने लाजत शू काढला, मग मोजा. अंगठा नुकताच कलायला लागला होता. बुडाशी कातडी लाल झाली होती.

"दुखतं?"

"संध्याकाळी. ऑपरेशन लागेल का?"

"आत्ताच शूज बदलले तर कदाचित नाही लागणार."

कीर्तनाने टेबलावरचा कॅलिपर उचलला, चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेतला आणि सेल्वीचा शू हातात धरून एचआरच्या जिन्याकडे निघाली. पायऱ्या अजून एकेक करूनच चढाव्या लागत होत्या. सेल्वी एका अनवाणी पायाने तिच्या मागोमाग आली.