आपलाच साक्षीदार

"फितूर जाहीर करू का?" वकिलांनी वाकून माझ्या कानाशी विचारलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. फितूर म्हणजे घरचं मीठ खाऊन शत्रूला जाऊन मिळालेला, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात माझा सख्खा धाकटा भाऊ उभा होता.

"शिवी नाही ती, वहिनी," वकील म्हणाले. "आपणच बोलावलेला साक्षीदार उलटला, की त्याची उलटतपासणी आपल्यालाच घेता येते. एवढाच अर्थ."

कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर फुटला, एक माणूस गेला. जादा वाफ बाहेर सोडणारा व्हॉल्व उघडूच नये अशी त्यावर तार बांधलेली सापडली. बॉयलर माझ्या नवऱ्याच्या ताब्यात, म्हणून तुरुंगात तो. त्या वेळी तो जेवायला गेला होता, हे ठाऊक असलेला एकटा धाकटा. त्याच्याच हाताखाली शिकत होता. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यानं वकिलांना तसं सांगितलंही होतं. पुढचं विचारायचं तेव्हा आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. आणि आज म्हणतो, "आठवत नाही." ज्याला कडेवर खेळवलं, त्यानंच माझा गळा कापला. मालकानं फोडला असणार, दुसरं काय?

आरोपीच्या जागेवरून नवरा मला मानेनं नको नको म्हणत होता. मला त्याचाही संताप आला. याचा चांगुलपणाच आमचं वाटोळं करणार होता.

"करा," मी म्हटलं. "सोडू नका त्याला."

वकिलांनी सोडलं नाही. घरी सांगितलेलं सगळं त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. "दाजी जेवायला गेले होते," धाकटा शेवटी म्हणाला. मी हुश्श केलं. माझा माणूस सुटणार होता.

मग सरकारी वकील उठले. आवाजही न चढवता त्यांनी विचारलं, "मग बॉयलरवर कोण होतं?"

धाकट्यानं कठडा घट्ट धरला. "मी. व्हॉल्व सारखा उडत होता. वाफ वाया जाते म्हणून सुपरवायझर ओरडत होता. मीच तार बांधली."

मी वकिलांची बाही ओढली.

"परवा तुरुंगात भेटलो, तेव्हा दाजी म्हणाले, तू गप्प राहा, मी निभावतो. ताईला कळू देऊ नकोस." त्यानं नवऱ्याकडे पाहून हात जोडले. "दाजी, मी बोलणार नव्हतो हो."