उल्का मॅडमच्या चष्म्यावरची वाफ

मी हडपसरच्या एका कारखान्यातली भट्टी बोलतेय. विजेच्या खांबावर तारेखाली चिनी मातीच्या चकचकीत वाट्या दिसतात ना, त्या माझ्या पोटात भाजून निघतात.

माझ्या विटा रचल्या तेव्हा उल्का मॅडम नुकत्याच इंजिनिअर होऊन इथे आल्या होत्या. आमची दोघींची नोकरी एकदमच सुरू झाली म्हणा ना! मी तापट, त्या शांत. मालात ओल असताना आच वाढवली, की मी सगळ्या वाट्या तडकवते. मॅडमच्या हातून मात्र असं कधी झालं नाही.

त्या निवृत्त व्हायला आल्या, तेव्हा कंपनीने त्यांच्याकडून सगळी कृती लिहून घेतली. त्यांनीही मन लावून लिहिली आणि आपल्याविना जमतं का ते कळावं म्हणून मुद्दाम रजा घेऊन घरी बसल्या. धम्मदीप आणि विश्वजीत या तरुण इंजिनिअरांनी लिहिल्याबरहुकूम आच दिली. हवा दमट होती. दार उघडलं, तर आत नुसत्या खापऱ्या.

मॅडम आल्या, खापऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. "माझंच काहीतरी लिहायचं राहिलंय," त्या म्हणाल्या, "पण काय, तेच आठवत नाही." त्यांचा इतका पडलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मॅडम, तुम्ही नेहमीसारखं काम करा," धम्मदीप म्हणाला. "आम्ही नुसतं बघतो."

मला पेटवलं. वाफ बाहेर पडते त्या भोकाशी मॅडमनी चष्मा धरला, मग पदराने पुसला. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"चष्मा सारखा का पुसताय?" विश्वजीतने विचारलं.

"अरे, वाफ धरते ना काचेवर."

"मग तिथे धरताच कशाला?"

मॅडम थबकल्या. काचेवर वाफ धरते तोवर आत ओल आहे, तोवर आच वाढवायची नाही. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की सांगायचं सुचलंच नव्हतं.

"आणि आम्हाला चष्मा नाही, त्याचं काय?" विश्वजीत म्हणाला.

"नंबर लागेपर्यंत आरसा वापरा," म्हणत त्या मनापासून हसल्या.

पुढच्या खेपेला त्या हाताची घडी घालून बाजूला बसल्या. दोघांनी आरसा धरला, धीर धरला, मगच आच वाढवली. निघालेल्या वाटीला मॅडमनी टिचकी मारली. खणखणीत वाजली! त्यांचे डोळे भरून आले.

"जमलं. आता मला फोन केलात, तर फक्त चहाला बोलवायला करा."

आता मी म्हातारी झालेय, पण माल तडकत नाही. तुमच्या कचेरीतूनही कुणी निघायच्या बेतात असेल. शाल-नारळाची घाई करू नका. आधी त्यांच्या शेजारी बसा आणि 'हे असं का करता?' एवढं विचारा. कदाचित त्यांनाही ते तेव्हाच कळेल.